सातबाऱ्याबाहेरची पत

जुन्या कुलाबा, म्हणजे आजच्या रायगड जिल्ह्यातल्या कुळाला सावकार शोधायला बाजारपेठेत जावे लागत नसे. जमीन खोताची, बियाण्याचे भात खोताचे, आषाढात कणगी रिकामी झाली की खावटीही खोताच्याच ओसरीवरून. सवाई-दिढीने घेतलेले भात पीक आल्यावर खंडासोबत परत मापायचे, आणि माप ज्याच्या हातात त्याच्याच हातात हिशेब. घाटावर 1875 च्या मे महिन्यात सुप्याचे शेतकरी उठले ते मारवाडी-गुजर सावकारांच्या घरांतले कर्जरोखे ताब्यात घेऊन जाळायला. तिथे कर्ज देणारा आणि जमीन कसणारा यांच्यात निदान सावकारी गहाणखताचा एक कागद होता. खोताच्या कोकणात जमीन आणि कर्ज एकाच दारात बसलेली असत. म्हणून लहान कर्जांनी गरिबी किती हटली, हा हल्लीचा आवडता प्रश्न रायगडच्या किनाऱ्यावर विचारायचा असेल तर उत्पन्न किती वाढले एवढ्यावर थांबता येत नाही. अडीअडचणीला माणूस कोणाच्या दारात जातो आणि त्या दाराची किंमत काय मोजतो, हे आधी पाहावे लागते. बचत गटांचे खरे कर्तृत्व या दुसऱ्या हिशेबात आहे, पहिल्या हिशेबात ते बेताचेच आहे, असे मला वाटते. आणि त्याची कारणे इतिहासात सापडतात.

सावित्री नदी महाबळेश्वरी उगम पावून जिथे समुद्राला मिळते त्या मुखाच्या उत्तरेला हरिहरेश्वर, दक्षिणेला बाणकोट. बाणकोट 1756 मध्येच इंग्रजांकडे गेले. हरिहरेश्वर-श्रीवर्धनचा मुलूख मात्र जंजिऱ्याच्या सिद्दीकडे राहिला आणि 1948 मध्ये संस्थान विलीन होईपर्यंत तिथे नवाबाचे राज्य होते. याच श्रीवर्धनचे बाळाजी विश्वनाथ भट पुढे सातारा दरबारी पेशवे झाले. इथली रोठा सुपारी देशभर नावाजलेली, देवस्थान दक्षिण काशी म्हणून प्रसिद्ध, बंदर हाताशी. म्हणजे पैसा या किनाऱ्याला अनोळखी नव्हता. तो मोजक्या घरांतून फिरत होता, इतकेच. संस्थानाच्या हद्दीबाहेर, अलिबाग तालुक्यातल्या चरी गावी 27 ऑक्टोबर 1933 रोजी पंचवीस गावांच्या शेतकऱ्यांनी नारायण नागू पाटलांच्या पुढाकाराने संप पुकारला आणि 1939 पर्यंत जमिनी पडीक ठेवल्या. सहा वर्षे नांगर न धरणाऱ्या कुळाला खोत खंड मागू शकत नाही हे खरे, पण त्याच खोताकडून खावटीही मिळत नाही. संप चालला तो लोकांनी जंगलातली लाकडे विकून, खाडीतली मासळी धरून दिवस काढले म्हणून. चरीचा संप जमिनीच्या लढ्याचा म्हणून सांगितला जातो, आणि तो होताच. पण खोताच्या उधारीशिवाय पावसाळा काढता येतो का, याचीही ती सहा वर्षांची कसोटी होती.

पुढचा क्रम माहितीतला आहे. डॉ. आंबेडकरांनी सप्टेंबर 1937 मध्ये मुंबई विधिमंडळात खोती रद्द करण्याचे विधेयक मांडले, जानेवारी 1938 मध्ये शेतकऱ्यांचा मोर्चा कौन्सिल हॉलवर गेला, 1949 मध्ये खोती निर्मूलनाचा कायदा झाला आणि 1 एप्रिल 1957 च्या कृषक दिनापासून कसणारे कूळ कायद्याने मालक ठरले. कायद्याने जमीन दिली. खोत देत असे ती खावटी, ते बियाणे, ते लग्नाचे पैसे आता कोण देणार, याचे उत्तर मात्र त्या कायद्यात नव्हते. 1951-52 मध्ये रिझर्व्ह बँकेने देशभर ग्रामीण कर्जाची पाहणी केली. गोरवालांच्या अध्यक्षतेखालील पाहणी समितीत धनंजयराव गाडगीळ होते. शेतकऱ्याच्या एकूण कर्जात सावकारांचा वाटा सत्तर टक्क्यांच्या घरात आणि सहकारी संस्थांचा जेमतेम 3.1 टक्के, असे त्या पाहणीत निघाले. सहकारी कायदा 1904 चा, म्हणजे जवळजवळ अर्धशतक उलटून गेल्यावरची ही स्थिती. त्याही आधी, 1880 च्या दशकात, न्यायमूर्ती रानडे आणि विल्यम वेडरबर्न यांनी पुरंदर तालुक्यासाठी शेतकी बँकेची योजना आखली होती. रिपनच्या सरकारला ती पटली, लंडनने ती बाजूला ठेवली.

1904 च्या कायद्याकडे जरा थांबून पाहण्यासारखे आहे, कारण ज्याला आज सूक्ष्म वित्त म्हणतात त्याची निम्मी कल्पना त्यात होती. जर्मनीत रायफायझनने एकोणिसाव्या शतकात उभारलेल्या खेड्यातल्या पतपेढ्यांचा तो नमुना. खेड्यातल्या सोसायटीच्या सभासदांची जबाबदारी अमर्याद, म्हणजे एकाने बुडवले तर बाकीच्यांनी भरायचे. मुंबई इलाख्यातल्या गदगजवळच्या कनगिनहाळला 1905 मध्ये अशी सोसायटी निघाली. तेव्हा एकमेकांच्या हमीवरचे कर्ज बांगलादेशातल्या जोब्रा गावी 1976 मध्ये पहिल्यांदा जन्मले, ही समजूत आपण सोडलेली बरी. जोब्रातला प्रयोग करणाऱ्या मुहम्मद युनूस यांचे श्रेय वेगळे आहे: त्यांनी कर्ज बायकांना आणि भूमिहीनांना दिले. आपल्याकडची सोसायटी इथेच अडली. ती शेतकऱ्यांची होती, आणि शेतकरी म्हणजे ज्याच्या नावावर सातबारा तो. पश्चिम महाराष्ट्रात ऊस आला, कारखाने आले, कर्जवसुली उसाच्या बिलातून कापली जाऊ लागली आणि सोसायटी, जिल्हा बँक, कारखाना अशी साखळी तयार झाली. कोकणात यातले काही जमले नाही. वाडी दहा-वीस गुंठ्यांची, सातबारा सामाईक, त्यावर चुलत्यांची नावे आणि त्यातले निम्मे मुंबईत. भात घरी खाण्यापुरते. पीककर्ज देताना सोसायटीचा सचिव बघणार काय, तर असा उतारा ज्यावर सही करायला पाच माणसे पाच ठिकाणांहून यावी लागतात. आणि वाडी शिंपणारी, सुपारी सोलणारी, मासळीची पाटी डोक्यावर घेऊन गावोगाव फिरणारी बाई त्या उताऱ्यावर क्वचितच कुठे असे. बायकोचे नाव जमिनीला लावा, असे शरद जोशींच्या शेतकरी संघटनेला लक्ष्मीमुक्तीची मोहीम काढून सांगावे लागले, यावरून एकंदर परिस्थिती कळते.

मग या किनाऱ्यावर पावसाळा निघत होता कशावर? मनिऑर्डरीवर. मुंबईच्या गिरणगावात राबणाऱ्या माणसाने पाठवलेले पैसे हे कोकणातल्या घराचे खरे पतसाधन होते. दुकानदार उधारी देई ती पोस्टमन येणार या भरवशावर. आणि कोकणी बाईच्या हातात बँकेचे पैसे पहिल्यांदा पडले तेही बहुधा कोकणात नव्हे, त्याच गिरणगावात. कोकणातून आणि घाटावरून आलेल्या बायका खोलीवर दहा-पंधरा गिरणी कामगारांना जेवण घालत. खानावळीचे पैसे पगार झाल्यावर मिळणार, तांदूळ-डाळ मात्र रोज लागणार. मधली फट वाण्याच्या उधारीने भरायची, व्याजासकट. कामगार चळवळीतून आलेल्या प्रेमा पुरव यांनी 1975 मध्ये या बायकांचे अन्नपूर्णा महिला मंडळ उभे केले आणि राष्ट्रीयीकरण झालेल्या बँक ऑफ बडोदाकडून त्यांना कर्जे मिळवून दिली. तारण काही नव्हते. एकमेकींची हमी होती. त्याच वर्षी राज्य सरकारने महिला आर्थिक विकास महामंडळ, म्हणजे माविम, स्थापन केले आणि गरिबांच्या कर्जमुक्तीचा कायदाही केला. कर्जमुक्तीच्या कायद्याने सावकाराची थकबाकी रद्द होते, पण पुढच्या महिन्याची नड राहतेच. खानावळवालीचे उदाहरण म्हणून अधिक मोलाचे: तिच्या धंद्यात रोज खर्च आणि महिन्याला आवक होती, नफा होता, फक्त मधल्या तीस दिवसांचे भांडवल नव्हते. लहान कर्ज तिथे चालते जिथे चालणारा धंदा आधीच असतो. हा मुद्दा पुढे पुन्हा लागणार आहे.

18 जानेवारी 1982 ला गिरण्यांचा संप सुरू झाला आणि तो कधी रीतसर मिटलाच नाही. अडीच लाख कामगारांतले कितीतरी कोकणातले. मनिऑर्डरी आटल्या. त्याच वर्षी 12 जुलैला नाबार्डची स्थापना झाली. दोन्ही गोष्टींचा एकमेकींशी संबंध नव्हता, पण कोकणातल्या बाईच्या दृष्टीने एक दार बंद होताना दुसऱ्याचा पाया घातला जात होता. नाबार्डने 1992 मध्ये पाचशे गट बँकांना जोडण्याचा प्रयोग हाती घेतला. नियम साधे होते. दहा ते वीस बायका, दर आठवड्याला किंवा महिन्याला ठरावीक बचत, आधी त्या बचतीतूनच आपसात कर्ज, आणि वही नीट दिसली की बँक त्याच्या काही पट रक्कम गटाला देणार. सातबारा नको, जामीनदार नको. मध्येच सरकारला घाई झाली. 1999 पासूनच्या स्वर्णजयंती योजनेत अनुदान होते, म्हणून अनुदानापुरते गट निघाले आणि अनुदान वाटून झाल्यावर मोडले. सरकारी घाईने बिघडलेल्या चांगल्या कामांची यादी आपल्याकडे लांब आहे, त्यात हे एक. पुढे माविमच्या लोकसंचलित साधन केंद्रांनी आणि 2011 नंतर ‘उमेद’ अभियानाच्या ग्रामसंघ-प्रभागसंघांनी पुन्हा बचतीपासून सुरुवात केली. आज देशात असे सव्वा कोटीहून अधिक गट आहेत आणि बँकांच्या दृष्टीने त्यांची थकबाकी कमी आहे.

श्रीवर्धन तालुक्यासारख्या किनाऱ्यावर या कर्जाला कुठे जागा मिळाली ते पाहिले तर खानावळीचाच न्याय दिसतो. जीवना बंदरावर होडी लागली की लिलावात मासळी घ्यायची, दुपारपर्यंत विकायची. इथे हजार-दोन हजारांचे भांडवल दिवसाला एकदा फिरते. सोडे, जवळा, बोंबील सुकवून पावसाळ्यात विकले की तीन महिन्यांत पैसे मोकळे होतात. आमसुले, फणसपोळी, कुळथाचे पीठ यांचेही तसेच. आणि गेल्या दोन-तीन दशकांत समुद्रकिनारा पाहायला येणाऱ्या पुण्या-मुंबईच्या पाहुण्यांनी हरिहरेश्वर-दिवेआगरला एक नवा धंदा दिला: घरगुती जेवण आणि राहण्याची सोय. दोन खोल्यांना संडास-बाथरूम बांधणे, गाद्या घेणे, गॅसची दुसरी शेगडी आणणे, एवढ्यासाठी लागणारी रक्कम बँकेला लहान आणि घराला मोठी असते. उकडीचे मोदक आणि भाकरी करणारे जे हात गिरणगावात कामगारांना वाढत होते, त्यांच्याच लेकीसुना आता पाहुण्यांना वाढू लागल्या. फरक इतकाच की गिऱ्हाईक घरापर्यंत चालत आले. 2023 मध्ये राज्याने बायकांच्या पर्यटन व्यवसायासाठी ‘आई’ नावाचे धोरण काढून कर्जावरील व्याजाचा परतावा देऊ केला, ही उशिरा मिळालेली पावती.

आता आक्षेप. सगळ्यांत भक्कम आक्षेप अर्थशास्त्रज्ञांचा आहे. अभिजित बॅनर्जी, एस्थर डुफ्लो आणि सहकाऱ्यांनी हैदराबादच्या वस्त्यांत चिठ्ठ्या टाकून काही भागांत कर्ज कंपनी आधी आणली, काहींत नाही, आणि फरक मोजला. धंद्यात थोडी गुंतवणूक वाढली. घरखर्च, आरोग्य, मुलांचे शिक्षण, बायकांचा घरातला अधिकार यांत ठळक फरक दिसला नाही. भारतासह बोस्निया, इथिओपिया, मेक्सिको, मंगोलिया, मोरोक्को या सहा देशांतल्या अशा पाहण्या 2015 मध्ये एकत्र प्रसिद्ध झाल्या आणि सूर तोच होता: उपयोग आहे, चमत्कार नाही. हा निष्कर्ष टाळून पुढे जाणे अप्रामाणिक ठरेल. उत्पन्नाच्या बाबतीत तो मला मान्य आहे. धंदा नसलेल्या घरात कर्ज गेले की ते खाण्यात, औषधात, लग्नात जाते, आणि हप्ता मजुरीतून फेडावा लागतो. मात्र हैदराबादेत मोजले गेले ते कंपनीचे कर्ज. पैसा बाहेरून येतो, व्याजासह बाहेर जातो, बायका हप्त्याच्या दिवशी जमतात तेवढ्याच. बचत गटात आधी स्वतःचा पैसा साठतो. गटातही व्याज कमी नसते, शेकडा दोन रुपये महिना हा दर सर्रास चालतो, म्हणजे वर्षाला चोवीस टक्के, आणि कंपनीचा दरही बहुधा त्याच घरात. पण गटाचे व्याज गटाच्याच खात्यात पडते आणि वर्षअखेर वाटून घेता येते. दर सारखा असूनही एक पैसा गावात राहतो, दुसरा गाव सोडतो. खोतीच्या गावात मापाची मालकी हाच मुख्य प्रश्न होता; इथे माप बायकांच्या हातात आहे.

हा फरक पुसला गेला की काय होते तेही महाराष्ट्राने पाहिले आहे. आंध्र प्रदेशात कंपन्यांनी एकेका बाईला चार-चार कर्जे दिली, वसुलीच्या जाचाने आत्महत्या झाल्याची प्रकरणे पुढे आली आणि ऑक्टोबर 2010 मध्ये राज्याने अध्यादेश काढून वसुलीला लगाम घातला. त्याच वर्षी अशाच एका कंपनीचे समभाग बाजारात वाजतगाजत विकले गेले होते. नोटाबंदीनंतर 2017 मध्ये विदर्भात बायका मायक्रोफायनान्स कंपन्यांची कर्जे भरणार नाही म्हणून रस्त्यावर उतरल्या. म्हणून कोणी म्हणते की सावकार गेला आणि टाय लावून परत आला. कंपन्यांपुरते हे म्हणणे बऱ्याच अंशी खरे आहे. रिझर्व्ह बँकेने 2022 मध्ये घराच्या उत्पन्नाच्या निम्म्याहून अधिक रक्कम हप्त्यांत जाऊ नये, अशी मर्यादा घातली ती उगाच नव्हे. गटांवरही हा आरोप चिकटतो, कारण कंपन्या आपल्या कर्जदार बायकांच्या टोळक्यालाही गटच म्हणतात आणि गटातल्या बाईलाच आणखी एक कर्ज देऊ करतात. गटाची वही कंपनीच्या एजंटने लिहायला घेतली की तो गट संपला, असे खुशाल समजावे.

दुसरा आक्षेप साधा आहे: किनारा सुधारला तो रस्त्यांनी, मुंबईच्या आणि आखातातल्या पैशांनी, पर्यटकांनी, गटांनी काय केले? बागमांडला-वेसवी फेरीबोटीने सावित्री ओलांडणाऱ्या गाड्या बचत गटांनी आणल्या नाहीत, हे कबूल. पण पर्यटकाचा पैसा आपोआप सर्वांच्या घरी जात नाही. जमीन विकणाऱ्याला आणि रिसॉर्ट बांधणाऱ्याला तो आधी मिळतो. दोन खोल्यांच्या घराने त्यात वाटा मिळवायचा तर मोक्याच्या वेळी थोडे भांडवल हवे, आणि तेवढे गहाणाशिवाय देणारा गटाखेरीज फारसा दुसरा कोणी नव्हता. तिसरा आक्षेप अलीकडचा. 2024 पासून लाडकी बहीण योजनेत महिना दीड हजार रुपये थेट खात्यात येतात. मग कर्ज हवे कशाला? अगदी गरीब घराला कर्जापेक्षा रोख मदत बरी, यात वाद नाही. पण दीड हजारात खावटी निघते, शेगडी-गाद्या येत नाहीत. आणि मदत देणाऱ्याची मर्जी निवडणुकीगणिक बदलते.

गटाच्या कर्जाची खरी सीमा दाखवली ती 3 जून 2020 च्या निसर्ग चक्रीवादळाने. ताशी शंभर किलोमीटरहून अधिक वेगाच्या वाऱ्याने श्रीवर्धन, मुरूड, म्हसळ्याच्या सुपारी-नारळाच्या वाड्या आडव्या केल्या. करोनाच्या टाळेबंदीमुळे पर्यटक आधीच बंद, बंदर बंद. रिझर्व्ह बँकेने ऑगस्टपर्यंत हप्ते पुढे ढकलायची मुभा दिली होती, पण पुढे ढकललेला हप्ता व्याजासकट परत येतो. सरकारने बागांसाठी हेक्टरी 50,000 रुपये भरपाई जाहीर केली. हेक्टरचे हे माप ऊस-कापसाच्या मुलखाला शोभते. दहा गुंठ्यांच्या वाडीला त्यातून साधारण पाच हजार रुपये येतात, आणि त्यातही सामाईक सातबाऱ्यावरच्या सगळ्यांची संमती मिळाली तर. सुपारीचे रोप लावल्यापासून फळ धरायला सहा-सात वर्षे लागतात. महिन्याच्या हप्त्याने फेडायचे कर्ज घेऊन अशी वाडी पुन्हा उभी करा, असे बाईला सांगणे म्हणजे तिला जाणूनबुजून थकबाकीदार करणे. गटांनी त्या पावसाळ्यात पत्रे, ताडपत्री, खावटी यांसाठी आपसातली बचत वापरली असेल तर ती खोताच्या खावटीपेक्षा शतपटीने चांगली. पण वाडी ही खावटी नव्हे.

अशा लांब मुदतीच्या कामाला पैसा कसा लागतो हे महाराष्ट्राने एकदा करून दाखवले आहे. 1990 मध्ये रोजगार हमी योजनेला फळबाग लागवड जोडली, खड्डे खणण्यापासून रोपे जगवण्यापर्यंतचा खर्च सरकारने उचलला आणि कोकणात वरकस जमिनींवर आंबा-काजूच्या बागा उभ्या राहिल्या. त्या कर्जावर उभ्या राहिल्या असत्या तर पाचव्या वर्षी जप्त झाल्या असत्या. गटाने मासळीचे, जेवणाचे, खोल्यांचे भांडवल पुरवावे; ते त्याला जमते आणि त्यातून बाई कोणाच्या ओसरीवर जात नाही. वादळात पडलेल्या वाड्या लावणे, त्यांचा विमा गुंठ्याच्या मापाने उतरवणे, सामाईक सातबारे फोडून त्यावर बायकांची नावे चढवणे ही कामे जिल्हा बँकेची, कृषी खात्याची आणि महसूल खात्याची आहेत. ती बचत गटांच्या वहीत ढकलून सरकारने मोकळे होऊ नये.